दुनळीच्या गावात

मिलानला लोक शॉपिंगला जातात, व्हेनिसला फोटो काढायला. या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेलाइनवर ब्रेशा नावाचं एक शहर लागतं आणि त्याच्या उत्तरेला एक दरी आहे. त्या दरीत पाचशे वर्षं बंदुका बनतायत. मी तिथे गेले ते घरच्या एका कामासाठी. विकत काही घेतलं नाही, पण वस्तू कशी पारखायची ते मात्र शिकून आले.

तर झालं असं, की इटलीला निघायच्या आदल्या रात्री बॅग भरत असताना बाबांनी मोबाइलवर सहा फोटो पाठवले. खाली मेसेज : ‘तिकडे कोणी जाणकार भेटला तर दाखव.’ फोटो आबांच्या दुनळीचे होते.

आबा म्हणजे माझे आजोबा. संगमेश्वरकडे आमचं गाव आहे. भातशेती, चार काजू, आणि रात्री येऊन सगळ्याचा फडशा पाडणारी रानडुकरं. आबांकडे पीक संरक्षणाचा परवाना होता आणि भिंतीवर एक दुनळी. ती त्यांनी फार वर्षांपूर्वी मुंबईत बोटीवरून निवृत्त झालेल्या एका माणसाकडून रीतसर घेतली होती. त्या माणसाने सांगितलं होतं, ‘इटलीची आहे.’ झालं! तेव्हापासून आमच्या घरात ती ‘इटालियन’. आबा गेल्यावर बंदूक घरात ठेवता येईना, म्हणून ती परवानाधारक दुकानात जमा केली. आणि मग सुरू झाला खरा प्रश्न. वारस म्हणून परवाना मागायचा, की विकायची? काकाचं गणित पक्कं होतं. ‘इटालियन आहे. पाच-सात लाख कुठे गेले नाहीत. त्यात माजघराचं छप्पर होईल.’ बाबांना खात्री नव्हती. दोघा भावांचं त्यावरून बोलणंही जरा कमीच झालं होतं. मी बोलायला गेले तर काका म्हणाला, ‘तुला काय कळतंय गं बंदुकीतलं?’

खरं होतं. मी चाकणला एका ऑटो कंपनीत क्वालिटीत आहे. मला कास्टिंगमधली भोकं कळतात, मायक्रॉन कळतात. बंदूक नाही कळत. पण नशीब बघा, कंपनीने नवं कास्टिंग मशीन घेतलं होतं ब्रेशाचं. तीन आठवडे त्याच्या चाचणीला मला पाठवलं, आणि तिथल्या माझ्या जोडीदार इंजिनिअरचे वडील निघाले बंदुकीच्या कारखान्यात नळ्यांच्या विभागात चाळीस वर्षं काढलेले! सगळे त्यांना ‘नोन्नो’ म्हणतात, म्हणजे आजोबा. मग मीही तेच म्हणू लागले.

मेल्लाच्या काठाने

पहिल्याच शनिवारी आम्ही तिघं निघालो. नोन्नोंच्या मुलाला एक दुनळी घ्यायची होती, उडत्या तबकड्यांवर नेमबाजी करायला. बजेट तीन हजार युरो. आपल्याकडे एक चांगली बुलेट दारात येईल एवढे पैसे. आणि माझ्या फोनमध्ये सहा फोटो.

ब्रेशातून उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की गार्डोने व्हाल ट्रोंपिया. दरीचं नाव व्हाल ट्रोंपिया, नदीचं मेल्ला. पिक्चरमधलं इटली डोळ्यांपुढे असेल तर विसरा. द्राक्षाचे मळे नाहीत, सूर्यफुलं नाहीत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये नदी आणि तिच्या दोन्ही काठांना शेडच शेड. मला एकदम भोसरी एमआयडीसी आठवली, फक्त मागे हिरवेगार डोंगर. शेजारच्या लुमेझ्झाने गावात नळाच्या तोट्या आणि काटे-चमचे बनतात. इथे बंदुका. धातू सगळ्यांच्या हाडात.

का बरं इथेच? नोन्नोंनी गाडीतूनच बोट दाखवलं. वरच्या डोंगरात लोखंडाच्या खाणी, उतारावर कोळशासाठी जंगल आणि खाली घण चालवायला नदीचं पाणी. गिऱ्हाईकही तालेवार होतं. 1426 पासून 1797 पर्यंत ब्रेशावर व्हेनिसचं राज्य होतं आणि व्हेनिसला शस्त्रं सतत लागायची. 1526 च्या एका व्यवहाराची नोंद आजही आहे. मास्टर बार्तोलोमेओ बेरेत्ता याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या 185 नळ्या दिल्या, किंमत 296 डुकाट. तीच ही बेरेत्ता कंपनी, आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे. 1526 म्हणजे पानिपतची पहिली लढाई झाली ते साल. बाबर दिल्लीत बसत होता तेव्हा इथे बिल फाडलं जात होतं!

बेरेत्ता हे मोठं नाव, पण दरीत ते एकटं नाही. झोली गार्डोनेतच आहे. वरच्या मार्केनो गावात रित्झीनी, फाउस्ती, सीझर ग्वेरिनी अशी नावं एकामागोमाग एक लागतात. यातली फाउस्ती कंपनी तिघी बहिणी चालवतात, एलेना, जोव्हान्ना आणि बार्बरा. वडिलांनी 1948 मध्ये सुरू केलेला धंदा. हे ऐकून मला काकाची आठवण आली. काय कळतंय गं बंदुकीतलं, म्हणे!

आधी मडकं वाजवा

इटालियनमध्ये बंदुकीच्या दुकानाला ‘आर्मेरिया’ म्हणतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी शिकारीचा हंगाम उघडतो, त्यामुळे दुकानात दिवाळीच्या आधी आपल्याकडे लक्ष्मी रोडवर असते तशी वर्दळ होती. इथे दुनळीचे दोन प्रकार मानतात. नळ्या शेजारी-शेजारी असतील तर ‘दोप्पिएत्ता’, म्हणजे आपली नेहमीची, आबांच्या भिंतीवरची. एकीवर एक असतील तर ‘सोव्राप्पोस्तो’. तबकड्यांच्या खेळात दुसऱ्या प्रकाराचंच राज्य आहे, कारण डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी राहते.

काउंटरवर तीन बंदुका आल्या. पहिली 4,200 युरोची. दोन्ही अंगांना चकचकीत पोलादी पट्ट्या, त्यांवर उडणारी बदकं, वेलबुट्टी, आणि दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड असं की गुलाबजामचा पाक सांडलाय जणू. दुसरी त्याच कंपनीची, 2,600 ची. साधी, करडी, कडेला दोन रेघांची नक्षी. तिसरी जुनी, 1,100 ची दोप्पिएत्ता. माझ्या मित्राची नजर पहिलीवर खिळली. बजेटच्या बाहेर होती, पण आपणही फोन घ्यायला जातो तेव्हा हेच होतं ना?

नोन्नोंनी किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करून ठेवल्या. मग दुकानदाराला विचारून एकेक बंदूक उघडली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळ्या दस्त्यापासून सुट्या केल्या. पुढचा लाकडी हातही काढून ठेवला. नळ्यांची जोडी एका बोटावर टांगली आणि दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच टकटक केलं.

‘टिंऽऽऽग.’

मी हसलेच. आमची आजी माठ घ्यायची तो असाच. कुंभाराच्या समोर बसून प्रत्येक मडक्यावर टिचकी. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद वाजलं तर तडा आहे समजायचं. इथेही तेच शास्त्र. दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी डाख देऊन जोडलेली असते. डाख कुठे सुटलेला असेल तर घंटेसारखा नाद येत नाही, चरचरतं. नोन्नो म्हणाले, ‘ही शेवटची परीक्षा नव्हे. पण हिच्यात जी नापास झाली, तिच्यावर पुढचा वेळ घालवायचा नाही.’ जुनी दोप्पिएत्ता इथेच बद वाजली. गेली बाजूला.

मग उजेड. नळी खिडकीकडे धरून आतून पाहायचं. आतल्या चकचकीत पृष्ठभागावर उजेडाची वर्तुळं दिसतात, तळ्यात खडा टाकल्यासारखी. ती एकात एक नीट बसली तर नळी सरळ, कुठे लंबगोल झाली तर तिथे पोक किंवा बाक. त्यानंतर बंदूक परत जोडायची, पण पुढचा लाकडी हात न लावता, आणि हलवून पाहायची. तो हात स्प्रिंगच्या जोराने खुळखुळणं लपवतो म्हणून आधीच काढायचा. बंद केल्यावर नळ्यांच्या मागे उजेडाची रेघही दिसता कामा नये. बंदूक उघडायचा वरचा खटका नव्या बंदुकीत मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडेच थांबतो. वापराने सांधा झिजत जातो तसा तो मध्यावर येतो, आणि मग डावीकडे सरकतो. डावीकडे गेलेला खटका म्हणजे भरपूर चाललेली गाडी. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, हा खटका फिरवणं तेवढं सोपं नाही.

शेवटी चाप. नकली काडतुसं घालून नोन्नोंनी दोन्ही बार ओढले. चाप आधी सैल सरकत जाऊन मग ओढला जात असेल तर वाईट. वाळकी काडी मोडावी तसा एकदम सुटायला हवा. उघडल्यावर दोन्ही काडतुसं एकदमच बाहेर उडाली पाहिजेत. एक आज आणि एक उद्या, असं चालत नाही.

गंमत म्हणजे 4,200 वाली आणि 2,600 वाली, दोघी सगळ्यात सारख्याच मार्कांनी पास झाल्या.

पदर उलटून बघा

‘मग सोळाशे युरोचा फरक कशाचा?’ मी विचारलं. मित्राचा चेहरा उतरलेला होता.

नोन्नोंनी खिशातून भिंग काढून मला दिलं. ‘डावीकडचं बदक बघ. आता उजवीकडचं.’ दोन्ही बदकं अगदी सारखी, पीस न् पीस तंतोतंत, फक्त आरशात पाहिल्यासारखी उलटी. हाताने कोरणाऱ्याकडून हे होत नाही. त्याचा एखादा पंख वाकडा जातो, एखादी रेघ खोल जाते. हे मशीनचं काम. माझी आई पैठणी घेताना आधी पदर उलटून बघते. मागून विणकाम पुढच्यासारखंच स्वच्छ असेल तर हातमागाची, मागे सुटे धागे लोंबत असतील तर बाई, मशीनची. भिंग हाच इथला उलटा पदर.

आणि त्या चकचकीत पट्ट्या? जुन्या आणि भारी बंदुकांमध्ये घोडा, स्प्रिंगा, सगळी कळ अशा पट्टीच्या आतल्या अंगाला बसवलेली असते. ते फार नाजूक, हाताने करायचं काम आणि त्याची किंमत कितीतरी पटींनी जास्त. पण या भावाच्या बहुतेक बंदुकांत कळ मधल्या पोलादी ठोकळ्यातच असते. 1875 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी शोधलेल्या रचनेचीच ही वंशावळ. मग बाजूची पट्टी कशाला? तर नक्षीला जागा मिळावी म्हणून. तिच्यामागे काही नसतं. लग्नाच्या हॉलवरचं दर्शनी तोरण समजा.

यात फसवाफसवी नाही, बरं का. दुकानदार विचारलं तर स्पष्ट सांगतो. बेरेत्ताचंच घ्या. त्यांच्या 686 आणि 687 या मालिकांची मूळ रचना एक, वरच्या पायऱ्यांवर वाढत जातं ते लाकूड, नक्षी आणि बाजूच्या पट्ट्या. ज्याला सुंदर वस्तू हवी त्याने जरूर द्यावेत पैसे. फक्त आपण कशाचे देतोय ते कळून द्यावेत. तबकडीला बदक दिसत नाही!

लाकडाचीही तीच गोष्ट. रेषारेषांचं नटवं लाकूड दस्त्याच्या मागच्या टोकाला शोभतं. पण हाताची मूठ जिथे बसते तिथे रेषा सरळ लांबच हव्यात, कारण प्रत्येक बाराचा धक्का त्या बारक्या मानेतून जातो. तिथे वळणदार रेषा दिसली की उद्या तडा जाणार, असं समजायचं. काही स्वस्त दस्त्यांवर साध्या लाकडाला भारी अक्रोडाचा नुसता मुलामा असतो. तोही भिंगाखाली कळतो. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे लाकूड केसभर वर असलेलं बरं. खाली गेलेलं असेल तर कुणीतरी जास्त घासलंय.

मला वाटलं होतं, चाळीस वर्षं हाताने काम केलेला माणूस आता मशीनला शिव्या घालणार. उलटंच झालं. नोन्नो म्हणाले, ‘आजचं सीएनसी मशीन ठोकळा जसा कापतं तसा मी आयुष्यात कापला नसता. आमच्या वेळी सोमवारची बंदूक आणि शुक्रवारची बंदूक वेगळी निघायची. आज मधल्या किमतीत जी बंदूक मिळते, ती मशीनमुळेच इतकी चांगली आहे.’ एका क्वालिटी इंजिनिअरच्या कानाला याहून गोड काय असणार!

ठशाचं घर

गार्डोनेतच इटलीचं सरकारमान्य चाचणीघर आहे, 1910 पासून. नाव ‘बान्को नात्सिओनाले दि प्रोव्हा’. प्रत्येक नवी बंदूक विक्रीला जाण्याआधी तिथे जाते. तिच्यात मुद्दाम जास्त दाबाची काडतुसं उडवतात. साध्या बारा बोअरच्या बंदुकीला वापरात जास्तीत जास्त 740 बार दाब चालतो, चाचणीचं काडतूस मात्र 930 बारचं. त्यातून सहीसलामत निघाली तरच ठसा बसतो. पोलादी छऱ्यांची जास्त जोराची काडतुसं चालणार असतील तर वेगळी चाचणी आणि लिलीच्या फुलाचा वेगळा ठसा. शिवाय छोट्या चौकटीत वर्षाचं सांकेतिक अक्षर. 1975 साठी ‘एए’, 1976 साठी ‘एबी’, असं पुढे. म्हणजे जुनी बंदूक घेताना विक्रेता काहीही सांगो, तिचा जन्मदाखला तिच्याच अंगावर असतो.

आपल्या सोन्यावरच्या हॉलमार्कसारखंच हे. पण हॉलमार्क दागिना सुंदर आहे असं सांगत नाही, सोनं खरं आहे एवढंच सांगतो. हा ठसाही बंदूक चांगली असल्याचं सांगत नाही, ती फुटणार नाही एवढंच सांगतो. बाकीचं आपण पाहायचं.

माप कुणाचं?

मित्र अजून बदकांकडेच बघत होता. मग नोन्नोंनी शेवटची परीक्षा घेतली. ‘डोळे मीट. बंदूक खांद्याला लाव. आता उघड.’

नेमबाजीची रायफल आणि दुनळी यांत मोठा फरक हा, की दुनळीला मागचा नेम नसतोच. नेमबाजाचा डोळा हाच मागचा नेम. त्यामुळे दस्ता इंचभर लांब किंवा बोटभर वाकडा असला तरी छरे भलतीकडे जातात. डोळे उघडल्यावर नजर थेट नळीवरच्या पट्टीवरून सरळ टोकाच्या मण्यावर गेली तर माप बरोबर. पहिल्या बंदुकीत मित्राला पट्टी दिसेचना, दिसली ती बंदुकीची पाठ. साधी होती तिच्यात नजर जवळपास सरळ गेली, पण किंचित उजवीकडे.

‘ही घे,’ नोन्नो म्हणाले. ‘उरलेल्या चारशे युरोंतून दस्ता तुझ्या मापाचा करून घे आणि बाकीच्याची काडतुसं. माप तुझं हवं, नक्षी कुणाचीही चालेल.’

बापलेकांत पाच मिनिटं इटालियनमध्ये जे झालं त्याचं भाषांतर मला कुणी दिलं नाही, पण गरजही नव्हती. असंच संभाषण मी दोन वर्षांपूर्वी कारच्या सनरूफवरून बाबांशी केलंय. शेवटी साधी बंदूक ठरली. मित्र जेवणापर्यंत घुश्श्यात होता. मग समोर कासोन्चेल्ली आली, म्हणजे सारण भरलेला, लोणी आणि सेजची पानं घातलेला पास्ता, आणि माणूस विरघळला.

सहा फोटो

कॉफी आल्यावर मी फोन पुढे केला. छातीत धडधडत होतं, उगाच कशाला खोटं बोलू. डोळ्यांपुढे माजघराचं छप्पर होतं.

नोन्नोंनी चश्मा लावला. पहिल्या फोटोत थांबले. ‘खटका.’ मी पाहिलं. कित्येक वर्षं भिंतीवर पाहिलेली बंदूक, पण हे कधी पाहिलंच नव्हतं. खटका चांगलाच डावीकडे होता. दुसरा फोटो टोकाचा. नळ्यांमधली पट्टी सुटून वर आलेली आणि आबांनी ती एम-सील लावून चिकटवलेली. नोन्नो खोखो हसले. मग तिसरा फोटो, ठशांचा. तो त्यांनी मोठा करून पाहिला. एका लंबगोलात तीन अक्षरं, वर मुकुट. काका ज्याला ‘इटलीच्या राजाचा शिक्का’ म्हणायचा, तोच हा.

‘ई, एल, जी,’ त्यांनी वाचलं. ‘ही आमची नाही. बेल्जियमची. लिएज.’

लिएज हेही बंदुकांचंच शहर. तिथलं चाचणीघर 1672 सालापासूनचं. मुकुटवाला लंबगोल ठसा ते 1893 पासून मारू लागले. तिथून साध्या, मध्यम भावाच्या दुनळ्या जगभर जायच्या, इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातही. बनवणाऱ्याचं नाव नाही, हाताचं काम नाही, सांधा गेलेला, पट्टी सुटलेली. ‘हिच्यात पुन्हा काडतूस घालू नका,’ ते म्हणाले. ‘आणि किंमत...’ त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे.

मी गप्प बसले. नोन्नो पुढचे फोटो बघत राहिले आणि पाचव्यावर परत थांबले. ‘हा दस्ता कुणी कापलाय?’

तो आमच्या गावच्या सुताराने कापला होता. आबा अंगाने लहानखुरे, पाच फूट दोन इंच. गोऱ्या माणसाच्या मापाचा दस्ता त्यांच्या काखेत अडकायचा. म्हणून त्यांनी तो दीड इंच कापून घेतला आणि मागे जुन्या टायरचं रबर ठोकलं. नोन्नोंनी फोटोवर बोट फिरवलं. दस्त्याच्या एका बाजूला, जिथे गाल टेकतो तिथे, लाकूड झिजून गुळगुळीत आणि काळं झालं होतं.

‘बघ,’ ते म्हणाले. ‘हजारो लोक भारी बंदूक घेतात आणि ती मापाची करून घेत नाहीत. तुझ्या नोन्नोने साधी घेतली आणि स्वतःची करून घेतली. विकायला हिची किंमत नाही. पण ज्याने पारखली त्याने बरोबर पारखली.’

परत येताना

दुपारी गावातल्या शस्त्र-संग्रहालयात गेलो. एका जुन्या व्हिलात आहे, मुत्ती बेर्नार्देल्ली तिचं नाव. आत शस्त्रांइतकंच ती घडवणाऱ्यांबद्दलही आहे. एक गोष्ट कबूल करायला हवी. पाचशे वर्षांचा हा सगळा देखणा कसब शेवटी जीव घेण्याच्या वस्तूसाठी आहे, हे मनातून जात नाही. इथून फक्त तबकड्यांसाठी आणि पाखरांसाठी बंदुका गेल्या नाहीत, युद्धांसाठीही गेल्या. मी ते नोन्नोंना विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत की भाषण दिलं नाही. म्हणाले, ‘म्हणून तर ठसा हवा, परवाना हवा आणि कुलूप हवं.’

संध्याकाळी ब्रेशाच्या चौकात सगळे ‘पिर्लो’ पीत होते, म्हणजे व्हाइट वाइनमध्ये काम्पारी. मी बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते. काकाही तिथेच होता, स्पीकरवर. मी सगळं सांगितलं. खटका, पट्टी, एम-सील, लिएज. पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

मग काकाच म्हणाला, ‘मग आबांच्या हातात ती एवढी कशी लागायची गं? एक बार वाया जायचा नाही त्यांचा.’

‘मापाची होती, काका.’

तो काही बोलला नाही. पण पुढच्या महिन्यात बंदूक जमा करून टाकायच्या अर्जावर पहिली सही त्याने केली. छप्पर दोघा भावांनी निम्मे-निम्मे घालून केलं, थोडे मीही घातले. आणि एक गोष्ट मी गावाहून पुण्याला आणली. दस्त्याचा तो कापलेला दीड इंचाचा तुकडा इतकी वर्षं आमच्या माजघराच्या दाराला पाचर म्हणून होता. आता माझ्या डेस्कवर आहे. नवीन काहीही विकत घ्यायच्या आधी मी त्याच्यावर एक टिचकी मारते.

जायचं झालं तर...

• कसं जाल : मुंबईहून विमानाने मिलान, तिथून रेल्वेने साधारण तासाभरात ब्रेशा. पुढे गार्डोनेला बसने किंवा टॅक्सीने.

• काय बघाल : गार्डोनेचं शस्त्र-संग्रहालय आणि ब्रेशाच्या किल्ल्यातलं लुइजी मार्झोली शस्त्र-संग्रहालय. दरीत वर जुन्या लोखंडाच्या खाणीही पाहता येतात. वेळा आधी तपासून घ्या.

• काय खाल : कासोन्चेल्ली, पोलेंटा आणि स्पिएदो, म्हणजे सळईवर तासन् तास भाजलेलं मांस. शाकाहारींसाठी चीज घातलेली पोलेंटा झकास. शेजारच्या फ्रांचाकोर्ताची फेसाळ वाइन प्रसिद्ध.

• काय आणाल : बंदूक अर्थातच नाही! आठवण म्हणून रिकामं काडतूसही बॅगेत टाकू नका, विमानतळावर महागात पडेल. त्यापेक्षा लुमेझ्झानेचे काटे-चमचे आणा. घेताना वाजवून घ्या.